वाघाच्या मावशीचा हिवाळा

ऊब या विषयावर अधिकारवाणीने बोलण्याचा हक्क या जगात कोणा एका प्राण्याला द्यावयाचा झाल्यास तो मांजराला द्यावा लागेल. कुत्रा पायाशी येऊन बसतो तो धन्यासाठी; मांजर मांडीवर येऊन बसते ते मांडी उबदार असते म्हणून. यात मांजराचा अप्पलपोटेपणा दिसतो, असे पुष्कळांचे मत आहे. आमचे तसे नाही. आपल्याला काय हवे, ते घरात कोठे आहे आणि कोणत्या घटकेला मिळते, याचे इतके बिनचूक ज्ञान ज्याला आहे त्याला अप्पलपोटा म्हणण्यापेक्षा जाणकार म्हणणे अधिक न्याय्य होईल. सकाळी आठला पूर्वेची खिडकी, दहाला गच्चीचा कठडा, दुपारी उन्हात टाकलेल्या गाद्या आणि रात्री फ्रिजचा माथा, असा मांजराचा हिवाळ्यातील दिनक्रम पंचांगाच्या तोडीचा असतो. आतला गारठा टिकविण्यासाठी फ्रिजला आपली उष्णता बाहेर टाकावी लागते, हे पदार्थविज्ञान आम्ही पदवी परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो. मांजराला ते कोणी न शिकविता ठाऊक असते.

या ओढीला कुळाचा आधार आहे. आपल्या घरातून फिरणारे मांजर हे आफ्रिका व पश्चिम आशिया येथील कोरड्या प्रदेशांत राहणाऱ्या रानमांजराचे वंशज होय. सायप्रस बेटावरील सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले आढळले. ते संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे वाघाच्या या मावशीने माणसाशी सोयरीक जोडली त्याला दहा हजार वर्षे होत आली, तरी माहेरचे ऊन ती विसरलेली नाही. निरोगी मांजराच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते. ते राखण्यासाठी शरीराला वेगळा खर्च पडू नये अशी हवा म्हणजे ३० अंशांच्या वरची. आपल्याला जेथे पंखा लावावासा वाटतो तेथे मांजराचे सुख सुरू होते.

अशा प्राण्याने दिल्लीत राहावे, आणि तेही म्हातारपणी, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. दिल्लीच्या थंडीविषयी मुंबई-पुण्याच्या आप्तेष्टांच्या कल्पना हवापालटाच्या असतात. ग्वाल्हेर, झाशीकडील आपल्या वाचकांना मात्र तिची ओळख करून द्यावयास नको. सफदरजंग वेधशाळेत १६ जानेवारी १९३५ रोजी पारा उणे ०.६ अंशावर उतरला होता; १ जानेवारी २०२१ रोजी तो १.१ अंशावर होता. तथापि जुने दिल्लीकर रात्रीच्या पाऱ्याला भीत नाहीत. ते भितात दिवसाच्या पाऱ्याला. ३० डिसेंबर २०१९ रोजी येथील कमाल तापमानच ९.४ अंश होते. किमान तापमान १० अंशांच्या आत आणि कमाल तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंश वा अधिक खाली, अशा दिवसाला हवामानखाते ‘थंड दिवस’ म्हणते. धुक्याचे छत हटत नाही आणि सूर्य अर्ज न देताच रजेवर जातो. असे चार-पाच दिवस लागोपाठ आले की भिंती, भांडी, पुस्तके, सारेच गार होऊन बसते. शिवाय येथली घरे बांधली ती उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून. मे महिन्यात जी फरशी जिवाला गारवा देते तीच जानेवारीत तळपायांतून वर चढते.

आमची मांजर आम्ही आणलेली नाही. ती आम्हांला सरकारी निवासस्थानाबरोबर मिळाली. आम्ही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहोत. आठ वर्षांपूर्वी या घराचा ताबा घेताना पंखे किती, दिवे किती, नळ किती, याच्या यादीवर आम्ही सही केली. त्या यादीत मांजर नव्हते. आधीचे बंगाली कुटुंब बदली होऊन कोलकात्यास गेले, जाताना त्या गृहिणीने डोळ्यांना पदर लावून सांगितले, “ही सात वर्षांची आहे. हिला प्रवास सोसत नाही. दोनदा प्रयत्न केला, दोनदा परत आली.” मांजर आपले कुटुंब बदलते पण घर बदलत नाही, हे आम्ही ऐकून होतो, त्या दिवशी प्रत्यय आला. यादीत नसलेली ही वस्तू आम्ही ताब्यात घेतली, की तिने आम्हांला ताब्यात घेतले, हा प्रश्न अद्याप अनिर्णित आहे. तिचे बंगाली नाव आमच्या जिभेवर टिकले नाही. शेजारचे पंजाबी कुटुंब तिला ‘बिल्लो’ म्हणते. आमच्या आईने वाईहून आल्या दिवशीच तिला ‘मनी’ म्हटले. आमच्या आईच्या शब्दकोशात मांजराला दुसरे नाव नाही.

हिशेबाने मनी आज पंधरा वर्षांची आहे. पशुवैद्यकातील कोष्टक पाहता मांजराची पंधरा वर्षे म्हणजे माणसाची शहात्तर, आणि सोळा म्हणजे ऐंशी. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकाने वयाची ८० वर्षे पूर्ण केली की मूळ निवृत्तिवेतनावर २० टक्के अतिरिक्त रक्कम मिळू लागते. या नियमामागे जे शहाणपण आहे ते आम्हांला फार आवडते. म्हातारपणी गरजा कमी होतात असे तरुण माणसे समजतात. वस्तुतः त्या वाढतात. कमी होते ते मागण्याचे बळ.

मनीचे म्हातारपण आम्हांला प्रथम कळले ते फ्रिजपाशी. आठ हिवाळे तिची रात्रीची बैठक त्या माथ्यावर होती: जमिनीवरून ओट्यावर, ओट्यावरून एका झेपेत वर. यंदा कार्तिक सरता सरता एका रात्री ती ओट्याखाली बसून वर पाहत राहिली. मागचे पाय सावरले, अंग आक्रसले, शेपूट हलवली. आणि मग काही घडलेच नाही अशा मुद्रेने ती पंजा चाटू लागली. निवृत्त अधिकाऱ्याने जुन्या कचेरीच्या दारापर्यंत जाऊन, “इकडून चाललो होतो, सहज डोकावलो,” म्हणावे तशी. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या रात्री तिने वर पाहिलेही नाही.

बारा वर्षांवरील १०० मांजरांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा एक अमेरिकी अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ९० मांजरांत सांध्यांच्या विकाराच्या खुणा आढळल्या. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही, ते फक्त उडी मारणे सोडून देते आणि आपण म्हणतो, “आता शांत झाली हो!” पुढे लक्ष देऊन पाहू लागलो तेव्हा ध्यानात आले की खिडकीची कड सुटली होती, गच्चीचा कठडा सुटला होता, लोखंडी कपाटावरील गाठोड्यांची जागा सुटली होती. घरातल्या साऱ्या उबदार जागा उंचावर, आणि मनीच्या वाट्याला राहिलेली फरशी सर्वांत थंड. त्यातून ती वाळली होती. चरबीचे अस्तर गेले की केसांचा कोट पातळ पडतो, आणि सांधे आखडल्यामुळे पाठीपर्यंत जीभ पोहोचेना, म्हणून तो कोटही विसकटला होता. म्हातारीला थंडी अधिक वाजत होती हे खरेच. पण त्याहून खरे हे की तिला उबेपर्यंत पोहोचता येत नव्हते.

रोग कळला की उपाय सुचविणाऱ्यांना तोटा नसतो. पहिला उपाय आमच्या आईचा. वडील गेल्यावर दोन वर्षांपूर्वी ती वाईचे घर बंद करून आमच्याकडे आली. तिचे गुडघे आणि मनीचे गुडघे एकाच सुमारास दुखावयास लागल्यामुळे दोघींत एक अबोल सख्य जमले आहे. गच्चीतील एकाच बाजेवर दोघी ऊन खातात. आई शेंगा सोलते, मनी टरफलांचा आवाज ऐकते. आई म्हणाली, “कोळशाची शेगडी पेटवा आणि रात्री खोलीत ठेवा. मलाही बरे, तिलाही बरे. अरे, तुझ्या वेळी माझ्या बाजेखाली सव्वा महिना शेगडी होती. त्या शेकाने तू धरलास.”

आम्ही उत्तर शोधीत असतानाच सौ. म्हणाली, “आई, वाईच्या घराला कौले होती. तिथला धूर आपली वाट काढून जायचा. इथे वर स्लॅब, खिडक्या बंद, फटींत आपणच कागद कोंबलेले. इथून तो जाईल कुठे?” आणि तिने त्याच आठवड्यातील वर्तमानपत्र पुढे ठेवले. बंद खोलीत अंगीठी ठेवून निजलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही, ही बातमी उत्तर हिंदुस्थानात दर हिवाळ्यात येते; गावाचे नाव तेवढे बदलते. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो मुकाट्याने बळकावतो. धुराने खोकला तरी येतो; याने झोप अधिक गाढ होते. माणसाच्या उशाशी निजलेल्या मांजरालाही तो वगळीत नाही.

आईने ती बातमी चष्मा लावून दोनदा वाचली. मग म्हणाली, “तर मग शेगडी नको. ऊब हवी, पण वाट बंद करून नको.” हे वाक्य ती सहज बोलली आणि शेंगा सोलू लागली. आम्हांला मात्र त्यानंतर साऱ्या उपायांची पारख करण्यास एक मापच सापडले.

त्याच मापाने विजेची शेगडी मोजली. लाल सळईचा हीटर म्हणजे मांजराला देवघरच. त्यासमोर ते डोळे मिटून समाधी लावते. तरुण मांजर चटका बसताच उठते. म्हातारे उठेपर्यंत केस करपलेले असतात. शिवाय लोंबता पडदा, उघडी वायर आणि निजलेले घर ही तिन्ही एकत्र आली की काय होते ते सांगावयास नको. म्हणून सळईचा हीटर लावावयाचा तो तीन-चार फुटांवरून, कोणी जागे असेतो, आणि निजताना बटण बंद. पुढे थकबाकीच्या रकमेतून आम्ही तेल भरलेला हीटर घेतला. त्यात उघडी लाल सळई नाही, तो खोली हळूहळू तापवितो. तरीही रात्रभर त्याच्या भरवशावर राहू नये या मताचे आम्ही आहोत.

रबराच्या गरम पाण्याच्या पिशवीविषयी मात्र आमच्या कक्षातील एका काश्मिरी सहकाऱ्याने आमचे डोळे उघडले. त्यांच्याकडे फेरनच्या आत कांगडी धरतात: मातीचे भांडे, त्यात निखारे, भोवती काड्यांची टोपली. ते म्हणाले, “आमच्या म्हाताऱ्यांच्या पोटावर जाळीसारखे काळे डाग असतात. भाजत नाही, नुसते कोमट लागते. पण वर्षानुवर्षे लागते.” अशा त्वचेवर कधी कधी कर्करोग होतो आणि वैद्यकात तो कांगडीच्या नावानेच ओळखला जातो. चटका न बसणारी उष्णताही दीर्घकाळ एका जागी राहिली तर जाळते. मांजराच्या दाट केसांखाली हे दिसत नाही, आणि सांधे आखडलेल्या म्हातारीला कूस बदलण्याचा कंटाळा असतो. म्हणून पिशवीत उकळते पाणी भरावयाचे नाही; तिला जाड पंचाच्या दोन घड्या घालावयाच्या; ती अंथरुणाच्या अर्ध्या भागाखालीच ठेवावयाची, म्हणजे दुसरा अर्धा भाग गार राहतो आणि निवड मांजराची राहते. पिशवी निवली की काढून घ्यावयाची, कारण गार झालेली पिशवी देण्याऐवजी घेऊ लागते. उसनवारीचा हा नियम कारकुनांना समजावून सांगावयास नको.

प्रेमाने केलेले उपचार सर्वांत घातक ठरतात. कोणी राईचे तेल चोळावयास सांगितले, कोणी बाम, कोणी चमचाभर ब्रँडी. मांजर अंगाला लागलेले सर्व काही चाटून पोटात घेते, ही एक गोष्ट ध्यानी ठेवली तरी यांतले पुष्कळसे टळते. कापूर व निलगिरी घातलेला बाम मांजराला विषासमान. मद्याने कातडीतल्या वाहिन्या रुंदावतात. ऊब आल्याचा भास होतो आणि असलेली उष्णता निघून जाते. तापावर आपण निर्धास्तपणे घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते, कारण तिचा निचरा करण्याचे सामर्थ्य त्याच्या यकृतात नाही. दूधही वयात आलेल्या पुष्कळ मांजरांना पचत नाही. पोट बिघडते, अंगातले पाणी जाते आणि पाण्याबरोबर ऊबही. मांजराने डोळे मिटून दूध प्यावे ही म्हण खरी. आपण मात्र ते डोळे उघडे ठेवून द्यावे. पिण्याचे पाणी कोमट आणि अन्न किंचित गरम असावे. गरम अन्नाला वास सुटतो, आणि म्हाताऱ्या नाकाला वासाचेच आमंत्रण लागते. जन्मभर मासळीला न शिवलेली आमची आई सौ.ने बिनमिठाची, बिनकांद्याची उकडलेली मासळी पुढे केली की हल्ली स्वतः बशी फुंकून पाहते.

शेवटी जे साधले ते अगदी साधे होते. पाच-सहा इंच उंचीच्या दोन लाकडी फळकुटांवर एक पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवले. तळाशी वर्तमानपत्रांची जाड रास, त्यावर आईची गोधडी. गोधडी म्हणजे काय हे पुण्यामुंबईच्या नव्या घरांतून हल्ली विसरत चालले आहेत. आईच्या नऊवारी लुगड्यांचे थर, एकावर एक, आणि त्यांना बांधून ठेवणारे धावदोरे. त्या थरांमधून हवा अडकून राहते आणि तीच अंगाची उष्णता जाऊ देत नाही. ती ऊब बाहेरून येत नाही. आपलीच आपल्याला परत मिळते. खोक्याचे तोंड दाराकडून येणाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, आणि मागच्या बाजूला आणखी एक भोक, कारण दोन वाटा असल्यावाचून मांजर कोठेही निर्धास्त निजत नाही. खिडकीशी दोन पाट रचून पायऱ्या केल्या. मातीचे तसराळे गॅलरीतून उचलून आत, कमी काठाचे करून ठेवले. गार गॅलरीत जाण्याचा आळस म्हणून म्हातारी मांजरे लघवी रोखून धरतात. मनीने दोन दिवस खोक्याकडे पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी गोधडीला आईचा वास आहे हे तिने हुंगून निश्चित केले आणि ती आत गेली.

जिन्याखालच्या बेवारशी मांजरांसाठीही आम्ही एक खोके ठेवले. त्यात कापड घातले नाही. कापड ओल धरते. भाताचा कोरडा पेंढा घातला. आणि इमारतीतील मोटारवाल्यांना सांगून ठेवले की सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात. रात्री थांबलेल्या गाडीचे इंजिन हे त्यांचे फ्रिजचा माथा असते.

तरीही पौषातील एका रात्री आईने आम्हांला उठविले. सलग पाचवा ‘थंड दिवस’ होता. “मनी खोक्यात नाही,” ती म्हणाली. म्हाताऱ्यांची झोप हलकी असते. तीच त्या रात्री उपयोगी पडली. मनी न्हाणीघराच्या दारामागे, ओल्या फरशीवर, अंग पसरून पडली होती. कान गार, पंजे गार, हिरड्या फिकट. ती थरथरत नव्हती, आणि हेच भयाचे होते. थरथर म्हणजे शरीराने चालविलेली लढाई. ती थंडी कमी न होता थांबली तर समजावे की शरीराने हत्यार टाकले. पशुवैद्य बाईंना दूरध्वनी केला. त्यांनी सांगितले: कोरडे करा, गुंडाळा, कोमट पिशव्या पंचात गुंडाळून पोटाच्या दोन्ही बाजूंना ठेवा, पाय चोळू नका, केस वाळविण्याचे यंत्र लावू नका, तोंडात काही ओतू नका, घाई करू नका. घाई न करणे हे त्या रात्रीचे सर्वांत कठीण काम होते. सौ. पिशव्या बदलीत होती, आम्ही गाडीची व्यवस्था पाहत होतो, आणि आई मनीला गोधडीसकट मांडीवर घेऊन बसली होती. ती काही बोलत नव्हती; फक्त दर थोड्या वेळाने गोधडीची कड सैल करून पाहत होती की मनीला मान बाहेर काढावयाची आहे काय.

पहाटे दवाखान्यात मनीचे तापमान ३६.४ अंश भरले. रक्ताची तपासणी झाल्यावर बाई म्हणाल्या, “थंडीचे हे निमित्त. मूत्रपिंडे थकली आहेत.” म्हाताऱ्या मांजरांत हा विकार सामान्य असतो, आणि मूत्रपिंडांचे दोन-तृतीयांशाहून अधिक काम बंद पडेपर्यंत तो वर दिसत नाही. असे मांजर आतून सुकते, खाणे सोडते, वाळते, आणि मग ज्या गारठ्याला ते कालपर्यंत तोंड देत होते तो त्याला पेलत नाही. म्हाताऱ्या जिवाला एकाएकी फार थंडी वाजू लागली तर पांघरूण वाढवावे हे खरे. पण ती फिर्याद समजून तपासही करावा. कातडीखाली कोमट सलाइन देऊन, पथ्य सांगून, बाईंनी मनीला सायंकाळी घरी पाठविले. किती दिवस, असे आम्ही विचारले. “दिवस मोजू नका,” त्या म्हणाल्या, “ती खाते किती आणि चालते किती, तेवढे मोजा.”

ती खाते आहे, चालते आहे. दर दोन दिवसांआड सौ. तिला सलाइन देते आणि आई तिचे डोके धरते.

यानंतर आठ-दहा दिवसांनी आमच्या थोरल्या बंधूंचे पत्र आले. वाईचे घर नुसते पडून आहे, आईचे वय झाले, आता तिने कायम दिल्लीस राहावे आणि घर भाड्याने द्यावे किंवा विकून टाकावे, असा त्यांचा प्रस्ताव होता. प्रस्ताव सर्व बाजूंनी योग्य होता. आमच्याकडे औषध आहे, हीटर आहे, नातवंड आहे, शेजार आहे. टिप्पणी लिहावयास आम्ही बसलो असतो तर ‘मान्यतेस्तव सादर’ असेच लिहिले असते. पण त्या रात्री पत्र हातात असताना आम्ही पाहत होतो खोक्याकडे. मनी त्यातून निघाली, गार फरशीवर चार पावले गेली, कोरडे पाणी प्यावे तसे दोन घोट पाणी प्यायली आणि मागच्या भोकातून पुन्हा आत गेली. दुसरे भोक बुजविले असते तर खोके अधिक उबदार झाले असते, यात शंका नाही. मनी त्यात गेली नसती.

आईने पत्र वाचले आणि परत दिले. “तुमचे तुम्ही ठरवा,” म्हणाली. आमच्या आईने हे वाक्य आयुष्यात फार वेळा म्हटलेले आहे आणि त्याचा अर्थ कधीही तो नसतो. सौ.ने विचारले, “आई, तुम्हांला काय वाटते?” तेव्हा ती गोधडीचा एक सुटलेला धावदोरा बोटाने चाचपीत म्हणाली, “थंडीत इथे बरे वाटते ग. पण चैत्रात कृष्णेला पाणी किती आहे ते मला बघायचे असते.”

आम्ही बंधूंना लिहिले की घर आहे तसे ठेवावे, कौले मात्र पावसाळ्यापूर्वी शाकारून घ्यावीत. खर्चाचा अर्धा वाटा आम्ही पाठवू. गुढीपाडव्याच्या सुमारास आईचे जाण्याचे तिकीट काढले आहे. परतीचे तिने काढू दिले नाही. “गारठा पडला की मी कळवीन,” असे तिने सांगितले आहे, आणि मनीला कोणत्या वेळी काय द्यावे याची यादी सौ.जवळ लिहून ठेवली आहे. ती यादी या घरातील मूळ यादीहून मोठी आहे.

चैत्रात मनी सोळा वर्षांची होईल. म्हणजे कोष्टकाप्रमाणे ऐंशी पूर्ण. नियमानुसार तिच्या मूळ उबेवर २० टक्के वाढ मंजूर करणे आम्हांस भाग आहे. मात्र तोपर्यंत दिल्लीत ऊन तापू लागलेले असेल आणि तिला त्या वाढीची गरज नसेल. ती गोधडीवरून उठेल, पाटांच्या पायऱ्या सावकाश उतरेल आणि गॅलरीतील गार फरशीवर जाऊन निजेल. तिला तसे आपल्या पायांनी जाता यावे, एवढीच सध्या आमची इच्छा आहे.